बालकांची सायकलफेरी : ऋतू आणि मार्ग

हेमंत, शिशिर व वसंत ऋतूंत अर्धशक्तीने व्यायाम करावा, असे शास्त्र सांगते. बालकांना तर वाग्भटाचार्यांनी व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. म्हणून बालकाची सायकल ही क्रीडाच राहावी. तिचे श्रमात रूपांतर होऊ नये.

बारामती व इंदापूर तालुक्यांत मात्र हेमंत-शिशिरातच सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर येथील कारखान्यांच्या परिसरात ऊसवाहतूक वाढते. ऋतू अनुकूल, पण रस्ता प्रतिकूल, अशी ही स्थिती होय. तेव्हा पालकांना सायकलीचा सल्ला देताना वैद्याने मार्गाचाही विचार सांगावा.

कारखान्यांकडे जाणारे रस्ते व पुणे-सोलापूर महामार्ग टाळावेत. नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरील वाट सपाट वाटली, तरी जेथे कठडा नाही तेथे आवर्तन सुरू असताना बालकांना नेऊ नये. भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्याकाठी कुंभारगाव येथे हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. सायकली वाहनातून गावापर्यंत न्याव्यात व तेथील कमी रहदारीच्या वाटेवर छोटी फेरी करावी. पक्षी पाहण्यासाठी थांबल्याने बालकास विश्रांतीही सहज मिळते.

फेरी धुके ओसरल्यावर करावी. भोजनानंतर लगेच करू नये. कपाळावर घाम येणे व तोंडाने श्वास घ्यावा लागणे ही अर्धशक्तीची लक्षणे होत. परतीचे अंतर शिल्लक असतेच. म्हणून सर्वांत लहान बालकात ती दिसण्यापूर्वीच मागे वळावे.

औषधालय चालकांनी आपापल्या गावातील असे एक-दोन मार्ग स्वतः पाहून दर्शनी फलकावर लिहावेत.