शालूखाली इन्सुलिनचा पंप

आयाबहिणींनो, टाइप १ मधुमेह असलेल्या लेकीचे लग्न ठरले, की शालू-दागिन्यांच्या गडबडीत कोणीतरी हळूच विचारते, "तो कमरेचा इन्सुलिनचा पंप त्या दिवसापुरता काढून ठेवला तर? फोटोत दिसायला नको." असे मुळीच करू नका.

या मुलींच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. मुठीत मावेल एवढा पंप बारीक नळीतून ते रात्रंदिवस थोडेथोडे कातडीखाली सोडत असतो. हे इन्सुलिन झटपट काम करते आणि झटपट संपतेही. पंप काही तास सुटला की रक्तातली साखर चढते, मग उलट्या, पोटदुखी, धाप. वेळीच इलाज झाला नाही तर जिवावर बेतते. आंघोळीपुरता पंप काढता येतो, हळदीपासून पाठवणीपर्यंत नाही.

मग ठेवायचा कुठे? चोळी शिवायला टाकतानाच आतून, काखेखाली, मऊ सुती खिसा लावायला सांगा. नळी जाण्यापुरते त्याला भोक ठेवा. जेवताना बटण दाबावे लागते, तेव्हा हात सहज पोचला पाहिजे. नऊवारीत कासोट्याने नि निऱ्यांनी कंबर भरून जाते, तिथे पंप ठेवून उपयोग नाही. परकराची नाडीही नळी टोचलेल्या जागेवर येऊ देऊ नये. ती जागा डॉक्टरांना विचारून बदलावी, आणि तीही आदल्या दिवशी, म्हणजे इन्सुलिन नीट जाते की नाही हे मुहूर्ताआधी कळते.

उन्हाने इन्सुलिन बिघडते. जादा बाटली, सुया आणि साखर तपासण्याचे यंत्र एखाद्या मावशीपाशी सावलीत असू द्या, जीपमध्ये नको. नवरीने मुहूर्तापर्यंत उपाशी राहायची रीत काही घरांत आहे. तिला घाम सुटला, हात थरथरू लागले, तर लगेच साखरपाणी द्या. देव त्यावर रागावत नाही.

आणि दिसलाच पंप, तर काय बिघडले? अमेरिकेत निकोल जॉन्सन पंप वापरत असतानाच १९९८ साली 'मिस अमेरिका' निवडली गेली. २०१४ साली सिएरा सँडिसन पोहण्याच्या पोशाखावर पंप उघड लावून मंचावर आली नि 'मिस आयडाहो' झाली. आपल्याकडे खरी भीती फोटोची नसते, सासरची असते. म्हणून आजार सोयरीक जुळवतानाच सांगावा. पंपाची घंटी वाजली तर काय करायचे, हे करवलीला शिकवाल, तसेच नवरदेवालाही आधीच शिकवून ठेवा.