सांगलीत प्लॉटशेजारी बाग होणार म्हणतात? आधी निळी रेषा, लाल रेषा समजून घ्या

सांगलीत एक-दोन गुंठे जागा बघत फिरणाऱ्यांत आपल्या गावाकडची माणसं कमी नाहीत. पोरांची शाळा, म्हाताऱ्यांचा दवाखाना, उसाच्या बिलाचे नाहीतर हळदीच्या पट्टीचे चार पैसे साठले की शहरात आपलं एक घर असावं असं वाटतंच. अशा वेळी एजंट नदीच्या बाजूचा स्वस्तातला प्लॉट दाखवतो आणि वर सांगतो, "दादा, शेजारी बाग होणार आहे, चालायचा ट्रॅक होणार आहे. दोन वर्षांत भाव दुप्पट."

बाग होणार हे खरंही असेल. पण ती नेमकी तिथंच का होणार, हे विचारायचं राहून जातं. बऱ्याचदा उत्तर सोपं असतं. त्या जागेत घर बांधायला परवानगीच नाही, म्हणून बाग. आणि मग बागेला लागून असलेल्या आपल्या प्लॉटचं काय, हा खरा प्रश्न.

दोन रेषा कशाच्या?

नदीच्या दोन्ही काठांना जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो. 25 वर्षांतून एकदा येऊ शकेल एवढ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं ती निळी रेषा. 100 वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा मोठ्या पुराचं पाणी जिथवर जातं ती लाल रेषा. लाल रेषा अर्थातच नदीपासून जास्त लांब असते.

आता "25 वर्षांतून एकदा" या शब्दांनी फसगत होते. 2019 ला पूर आला, म्हणजे आता 2044 पर्यंत काळजी नाही, असं बोलणारे मी पारावर ऐकलेत. तसं नसतं. एका मडक्यात 25 चिठ्ठ्या टाकल्या आणि त्यातल्या एकीवर 'पूर' लिहिलं असं समजा. दरवर्षी एक चिठ्ठी काढायची आणि वाचून परत मडक्यात टाकायची. यंदा पुराची निघाली तरी पुढच्या वर्षी ती मडक्यात आहेच. या हिशोबानं निळ्या रेषेवरच्या घरात 30 वर्षं काढली, तर एकदा तरी पाणी घरात येण्याची शक्यता शंभरात सत्तर. लाल रेषेवरच्या घरालासुद्धा 30 वर्षांत शंभरात पंचवीसच्या वरच बसते.

सांगलीनं तर हे डोळ्यांनी बघितलंय. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. 2005 ला पाणी 53 फुटांच्या वर गेलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये 57 फुटांच्या वर. दोनच वर्षांनी, 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा 55 फुटांच्या आसपास. सोळा वर्षांत तीन वेळा. "2005 ला सुद्धा इथं पाणी नव्हतं" असं सांगून विकलेली घरं 2019 ला पाण्यात होती, कारण तेव्हा पाणी आधीपेक्षा साडेतीन-चार फूट जास्त चढलं.

कुठं काय चालतं?

राज्यात 2020 पासून एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर बहुतेक ठिकाणी तीच चालते, प्रादेशिक योजनेतल्या गावांनासुद्धा. त्यात नदी आणि निळी रेषा यांच्यामधल्या पट्ट्यात नवं बांधकाम मना आहे. चालतं ते असं: बाग, हिरवळ, मोकळं मैदान, गाड्या लावायची जागा, नुसते ओटे असलेला उघडा भाजीबाजार, स्मशानभूमी, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, सार्वजनिक शौचालय, पाइपलाइन. आधीपासूनच्या अधिकृत घरांच्या पुनर्बांधणीसाठी वेगळी तरतूद आहे, पण तीही जोतं उंच घेण्याच्या अटीवर.

निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधकाम होऊ शकतं, पण लाल रेषेच्या पाणीपातळीपेक्षा 0.45 मीटर, म्हणजे साधारण दीड फूट वर घेऊन. ही उंची रस्त्यापासून मोजायची नाही, पुराच्या पातळीपासून मोजायची. सखल जागेत याचा अर्थ काही वेळा पहिला मजला रिकामाच ठेवायचा असा होतो. स्वस्त प्लॉट तिथंच महाग पडतो.

यादी नीट वाचली तर लक्षात येईल, शहरात लोकांना ज्या जागा कमी पडतात त्यातल्या निम्म्या या पट्ट्यात चालतात. सिव्हिलला पेशंट घेऊन आलेला माणूस दिवसभर कुठं बसतो? भाजीची पाटी घेऊन आलेली बाई रस्त्याच्या कडेला का बसते? सांगलीत आमराई आहे, महावीर उद्यान आहे, प्रतापसिंह उद्यान आहे, कृष्णेचा घाट आहे. पण शहर वाढलं त्या मानानं मोकळ्या जागा वाढल्या नाहीत.

याचं एक कारण गुंठेवारी. नियमाप्रमाणे 0.4 हेक्टरच्या, म्हणजे साधारण एकराच्या वरचा ले-आउट पाडला तर 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. वस्तीतली बाग, पोरांचं मैदान इथूनच मिळतं. पण शेतमालकानं रान सरळ गुंठ्यागुंठ्यानं तुकडे करून विकलं, तर ना रुंद रस्ता, ना गटार, ना मैदान. जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या दुष्काळी भागातून कामाला आलेल्या कष्टकऱ्यांनी असे तुकडे घेतले, कारण त्यांना दुसरं परवडत नव्हतं. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. 2001 ला गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला, 2021 मध्ये त्याची मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची गुंठेवारी त्यात घेतली. कागद नियमित होतो, पण शामरावनगरसारख्या सखल काळ्या रानातल्या वस्तीत साठणारं पाणी कागदानं हटत नाही.

शहरातला भराव आणि गावातली फूग

तुम्ही म्हणाल, सांगलीत बाग झाली काय आणि अपार्टमेंट झालं काय, आमचं रान गावात आहे. इथं जरा थांबून नदीचा हिशोब बघू.

सांगलीत येणारं पाणी एका नदीचं नाही. कऱ्हाडला कोयना मिळते. 105 टीएमसीचं कोयना धरण वरच्या अंगाला. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा मिळते, तिच्यावर चांदोलीचं 34 टीएमसीचं धरण. त्याच्या पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. खालच्या नद्या तुडुंब असल्या की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. आपण त्याला फूगच म्हणतो.

अशा वेळी नदीला पसरायला आडवी जागा लागते. कसबे डिग्रज असो, भिलवडी असो, काठच्या गावांत मळीचं रान असतं. पूर आला की ते पाण्याखाली जातं, चार दिवसांनी पाणी उतरतं, गाळ बसतो आणि मग कृष्णाकाठची वांगी त्यातच पिकतात. मळीत कुणी घर बांधत नाही. वस्ती वरच्या अंगाला.

शहरातली नदीकाठची सखल जागा म्हणजे शहराची मळीच. तिच्यात मुरूम-डबर टाकून चार-पाच फूट भराव केला की तेवढं पाणी तिथं मावत नाही. ते शेजारच्या गल्लीत जातं, नाहीतर पातळी थोडी वाढवून मागच्या गावाकडं सरकतं. एका प्लॉटच्या भरावानं काय होणार, असं वाटतं. पण प्रत्येकजण तेच म्हणून डंपर आणतो. नाल्यांचं तर आणखी वाईट. पूर काठ ओलांडून येतो असं आपल्याला वाटतं, पण आधी तो नाल्यातून उलटा घुसतो. नाला बुजवून वर घर बांधलं की घुसलेलं पाणी परत जायचीही वाट बंद. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागातल्या लोकांना हे नव्यानं सांगायला नको. इशारा पातळी गाठायच्या आधीच तिथल्या काही घरांची आवराआवर सुरू होते.

हरिपूरची हळदीची पेवं आठवा. जमिनीखालच्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, त्यावर सांगलीचा बाजार चालायचा. 2005 च्या पुराचं पाणी त्यात शिरलं आणि बहुतेक पेवं वाया गेली. जुन्या अनुभवावर बेतलेली जागासुद्धा एका पुरात मोडते, मग कालपरवा भराव टाकलेल्या प्लॉटचं काय सांगावं.

बाग तरी कशी हवी?

नदीकाठ सुशोभीकरण म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं अहमदाबादची साबरमती येते. तिथं दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती उभारून, पात्र आवळून, भराव टाकून जागा काढली. वर्षातले बरेच महिने कोरड्या असणाऱ्या त्या नदीत पाणी नर्मदा कालव्याचं सोडतात. कृष्णेची गोष्ट वेगळी. इथं पात्र आवळायचं म्हणजे 2019 पुन्हा बोलावून घेणं.

इथं बाग करायची तर पाण्याखाली जाईल हे धरूनच करायला हवी. जमिनीची पातळी आहे तीच ठेवायची. पक्की कंपाउंड भिंत नको, पाणी आत-बाहेर जाऊ देणारं कुंपण हवं. झाडं काठाला टिकणारी: करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर, वाळुंज. विजेच्या पेट्या उंचावर. महागडे पेव्हर ब्लॉक, रंगीत कारंजी, सेल्फी पॉइंट यांवरचा खर्च पहिल्याच पुरात गाळाखाली जातो. त्यापेक्षा सावली, पिण्याचं पाणी, बसायला दगडी ओटे आणि जरा वरच्या अंगाला शौचालय एवढं झालं तरी आपल्यासारख्या दिवसभर कामाला आलेल्या माणसाचं भागतं. आणि पूर ओसरल्यावर गाळ काढायला दरवर्षी पैसे बाजूला ठेवायला हवेत. उद्घाटनाला मंडप पडतो, गाळ काढायला मात्र कुणी फिरकत नाही.

शेरीनाल्याचंही तेच. कृष्णेत घाण पाणी मिसळणारा हा नाला सांगलीकरांना वर्षानुवर्षं छळतोय. त्याचा वास येत असेल तर काठावर कितीही चांगली बाग करा, संध्याकाळी तिथं कोण बसणार?

नकाशावरची बाग गायब कशी होते?

शहराच्या विकास आराखड्यात बाग, मैदान, बाजार यांची आरक्षणं टाकलेली असतात. पण आरक्षण म्हणजे ताबा नव्हे. ती जागा पैसे देऊन नाहीतर टीडीआर देऊन महापालिकेनं ताब्यात घ्यावी लागते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर 24 महिन्यांतही भूसंपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. मालकाच्या बाजूनं बघितलं तर ते बरोबरच आहे, कुणाचं रान किती वर्षं अडकवून ठेवायचं? पण पालिका झोपून राहिली की नकाशावरचं मैदान निघून जातं.

म्हणून "शेजारी बागेचं आरक्षण आहे" एवढ्यावर भुलू नका. ताबा झालाय का ते विचारा.

इसार देण्याआधी

सातबारावर पूररेषा दिसत नाही. सातबारा कोरा म्हणजे जागा निर्धोक, असं नसतं. सर्व्हे नंबर किंवा गट नंबर घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा, झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. शहराबाहेरची जागा असेल तर जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात. पूररेषेचे नकाशे पाटबंधारे खात्याकडं असतात, तिथं आपला नंबर दोन्ही रेषांच्या कुठल्या बाजूला पडतो ते बघून घ्या. तोंडी सांगण्यावर विसंबू नका, लेखी मागा. मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. मंजूर ले-आउट नसेल तर पुढं खरेदीदस्त, बांधकाम परवाना, कर्ज, सगळीकडं अडू शकतं.

जागा बघायला उन्हाळ्यात जाऊ नका. उन्हाळ्यात सगळी रानं सारखीच कोरडी. जुलै-ऑगस्टमध्ये जा, आणि एजंटला न घेता एकटे जा. नाला कुठून येतो, कुठं जातो ते चालत बघा. नवा मुरूम दिसला तर त्याखाली किती खड्डा होता ते विचारा. मग शेजारच्या जुन्या घरात पाणी मागा आणि बोलता बोलता विचारा, "2019 ला कुठवर होतं?" बहुतेक ठिकाणी माणूस उठून भिंतीवर हात ठेवूनच दाखवतो.