‘आला तर’ आणि ‘आला असता तर’

उद्या रामलिंगला जायचं ठरलंय आणि आज येडशीवर आभाळ भरून आलंय. घरात अम्मी म्हणते, ‘कल पानी आया तो नक्को जाव.’ शेजारच्या मावशी म्हणतात, ‘उद्या पाऊस आला तर जाऊ नको.’ गोष्ट उद्याची, पण क्रियापद ‘आया’, ‘आला’! आपल्या दोन्ही बोलींत ही सवय मुरलेली आहे. म्हणून वहीत मुलं लिहितात, ‘इफ इट रेन्ड टुमॉरो, आय विल नॉट गो.’ सर लाल गोल करतात, पण मुलाला कळत नाही की चुकलं काय.

इंग्रजीत ‘इफ’च्या मागे भूतकाळ आला की बोलणं कल्पनेकडे सरकतं. पाऊस खरंच येऊ शकतो, तेव्हा साधा वर्तमानकाळ हवा: ‘इफ इट रेन्स टुमॉरो, आय विल नॉट गो.’ ‘विल’ फक्त दुसऱ्या अर्ध्यात. याला फर्स्ट कंडिशनल म्हणतात. नाव विसरलं तरी चालेल. आणखी एक, ‘जर’ला ‘तर’ची जोडी लागते म्हणून मुलं मध्ये ‘देन’ घालतात. त्याची गरज नसते, स्वल्पविराम पुरतो.

आता कल्पनेचं वाक्य. ‘माझ्याकडे गाडी असती तर मी लातूरला गेलो असतो.’ हे आजबद्दल आहे की कालबद्दल? मराठीत दोन्ही चालतं, संदर्भावरून कळतं. इंग्रजी मात्र वेगवेगळी वाक्यं मागते. आज गाडी नाही: ‘इफ आय हॅड अ कार, आय वुड गो टू लातूर.’ काल नव्हती: ‘इफ आय हॅड हॅड अ कार, आय वुड हॅव गॉन टू लातूर.’ दोनदा ‘हॅड’ पाहून घाबरू नये. पहिलं मदतनीस, दुसरं म्हणजे जवळ असणं.

हे तिसरं रूप शिकवायला येडशीइतकं सोयीचं गाव नाही. नॅरोगेजच्या काळात बार्शी लाईट रेल्वेची गाडी येडशीला यायची, पण जिल्ह्याच्या गावाला, धाराशिवला, रूळच नव्हते. ब्रॉडगेज करताना मार्ग धाराशिवकडून वळवला. तेव्हा म्हणता येतं: ‘इफ दे हॅड नॉट चेंज्ड द रूट, धाराशिव वुड नॉट हॅव गॉट अ स्टेशन.’ घडून गेलेली गोष्ट, आता बदलणार नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना जुन्या गाडीच्या आठवणी विचाराव्यात, अशी दहा वाक्यं सहज मिळतील.

दीनी तालीम घेतलेल्या मुलांना हा फरक लवकर उमगावा. अरबीत ‘इन’ घडू शकणाऱ्या गोष्टीसाठी येतो. आपण रोज म्हणतो त्या ‘इन् शा अल्लाह’मधला पहिला शब्द तोच, म्हणजे ‘जर’. न घडलेल्या गोष्टीसाठी ‘लौ’. सहीह मुस्लिममधल्या एका हदीसमध्ये प्रेषित (स.) यांनी हिताच्या कामासाठी झटायला, अल्लाहची मदत मागायला सांगितलं आहे, आणि संकट आलं तर ‘मी असं केलं असतं तर’ म्हणत बसायला मना केलं आहे. तो ‘लौ’ म्हणजे नेमका थर्ड कंडिशनल. व्याकरणात जरूर शिकावा. नापास झालेल्या पोरासमोर मात्र त्याची उजळणी करू नये.

राहिला ‘अनलेस’. बोर्डाच्या पेपरात तो हमखास भेटतो आणि मुलं त्याला वर एक ‘नॉट’ जोडतात. ‘अनलेस’च्या पोटातच नकार आहे: ‘अनलेस यू स्टडी, यू विल फेल’ एवढंच. पेपरात एक-दोन गुण जातील, पण आखातात नोकरीला निघालेल्या माणसाच्या करारात हाच शब्द महागात पडतो. समजा लिहिलंय, ‘द कंपनी विल पे फॉर द रिटर्न टिकिट अनलेस द वर्कर लीव्ज बिफोर टू इयर्स.’ घाईत वाचणाऱ्याला ‘कंपनी तिकीट देईल’ एवढंच दिसतं. दोन वर्षांआधी काम सोडलं तर कंपनी तिकिटाचे पैसे देणार नाही, हे त्या एका शब्दामागे आहे. सही करण्याआधी कागद घरातल्या शिकत्या मुलीकडून मोठ्यानं वाचून घ्यावा आणि प्रत्येक ‘इफ’, ‘अनलेस’पाशी थांबून तिला विचारावं: मग पैसे कोण देणार?