सुधारणा प्रकल्प का रखडतात?

छत्रपती संभाजीनगर, प्रतिनिधी

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांना ‘क्वालिटी सर्कल’ ही संकल्पना नवी नाही. १९६२ मध्ये जपानमध्ये काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने रुजलेली ही चळवळ १९८० मध्ये हैदराबादच्या ‘भेल’ कारखान्यातून भारतात सुरू झाली. एकाच विभागातील सहा ते दहा कामगार स्वेच्छेने एकत्र येऊन कामातील अडचण शोधतात व ती सोडवतात, असे तिचे स्वरूप आहे. मात्र, उत्साहाने हाती घेतलेले प्रकल्प अनेकदा फाईलमध्येच राहतात.

पहिले कारण विषयाची निवड. ‘सदोष माल कमी करणे’ हा विषय फार व्यापक ठरतो. ‘एका लेथवरील एका भागाच्या व्यासातील फरक’ हा आवाक्यातला असतो. दुसरे कारण मोजणीचा अभाव. आधीच्या आकड्यांची नोंद नसेल, तर सुधारणा सिद्ध करता येत नाही. तिसरे कारण घाईचा निष्कर्ष. माशाच्या सांगाड्यासारखी ‘इशिकावा आकृती’ माणूस, यंत्र, कच्चा माल व पद्धत यांचा स्वतंत्र विचार करायला लावते. त्यामुळे सारा दोष ऑपरेटरवर ढकलला जात नाही.

उपाय सापडला तरी तो तिन्ही पाळ्यांपर्यंत पोहोचला पाहिजे. दिवसपाळीने केलेला बदल रात्रपाळीला ठाऊक नसेल, तर जुनी पद्धत परत येते. वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योगाची सदोष खेप परत आली, तर त्याचा फटका कामगारांनाही बसतो. म्हणूनच व्यवस्थापनाने प्रत्येक सूचनेला, नकार असला तरी, कारणासह लेखी उत्तर देणे आवश्यक आहे. उत्तर न मिळालेला कामगार सहसा दुसरी सूचना करीत नाही.