मल्टिकास्ट राउटिंग : गरज नेमकी कधी पडते आणि का?

'एकाकडून अनेकांना' ही मल्टिकास्टची व्याख्या आपण बीएस्सीपासून पाठ करत आलोय. पण पीएचडीच्या मुलाखतीत कोणी विचारलं, "अनेकांना पाठवायला युनिकास्ट का पुरत नाही?" तर बरेच जण अडखळतात. आज त्या 'का'कडे बघू.

समजा, पहाटे अकोल्याहून पेपरची गाडी निघाली. आलेगाव, चान्नी, विवरा इथल्या प्रत्येक वाचकासाठी अकोल्याहून वेगळी गाडी कोणी सोडत नाही. पातूरपर्यंत एकच गाडी येते, पुढे गावागावाच्या वाटा फुटतात. मल्टिकास्ट याच्याही एक पाऊल पुढे जातं. तिथे गठ्ठासुद्धा लागत नाही. एकच प्रत येते आणि जिथे वाट फुटते तिथे राउटर तिची झेरॉक्स काढतो.

आता हिशोब करा. ४ एमबीपीएसचा एक व्हिडिओ ५०० जणांना एकाच वेळी दाखवायचाय. युनिकास्टमध्ये सर्व्हरच्या लिंकवर ४ × ५०० = २००० एमबीपीएस, म्हणजे २ जीबीपीएस भार येतो. मल्टिकास्टमध्ये त्याच लिंकवर फक्त ४ एमबीपीएस. मग सरळ ब्रॉडकास्ट का नाही करायचं? कारण ज्यांना नकोय त्यांच्याही दारात डेटा जाऊन पडतो, आणि राउटर ब्रॉडकास्ट सहसा पुढे सोडतच नाही.

पण मुद्दा फक्त बँडविड्थचा नाही, आणि हे समजायला मुंबईचं उदाहरण फार चांगलं आहे. राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, को-लोकेशनमधल्या दलालांना प्रत्येक व्यवहाराची ताजी माहिती (टिक-बाय-टिक फीड) आधी टीसीपीवरून, म्हणजे युनिकास्टने द्यायचा. टीसीपीमध्ये प्रत्येकाचं कनेक्शन वेगळं. सर्व्हर एकामागून एक पाठवत जातो. म्हणजे रांग आली, आणि रांग आली की पहिला नंबर कोणाचा हा प्रश्न आला! जो आधी जोडला गेला, त्याला माहिती आधी. सेकंदाच्या बारीक तुकड्यावर जिथे सौदे होतात, तिथे हा फरक म्हणजे पैसा. २०१४ मध्ये एनएसई मल्टिकास्ट फीडकडे वळली. सेबीने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात जुन्या रचनेवर ठपका ठेवला आणि सुमारे ६२५ कोटी रुपये व्याजासह भरायला सांगितलं. २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती वसुली रद्द केली. कायद्याची बाजू बाजूला ठेवा. आपल्यासाठी धडा असा की प्रोटोकॉलची निवड हा न्यायाचाही प्रश्न असू शकतो. मल्टिकास्टमध्ये सर्व्हर एकदाच पाठवतो, प्रती स्विचच्या हार्डवेअरमध्ये निघतात. फरक पूर्ण शून्य होत नाही, पण सर्व्हरवरची रांग संपते.

हे चालतं कसं? स्टीव्ह डीअरिंग यांचा आरएफसी १११२ ऑगस्ट १९८९ चा. तो मुळातून वाचाच, लहान आहे. २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ हे पत्ते एखाद्या मशीनचे नसतात, गटाचे असतात. "मला या गटात घ्या" हे मशीन आपल्या जवळच्या राउटरला आयजीएमपीने सांगतं. राउटर आपसात पिमसारखा प्रोटोकॉल वापरून झाड तयार करतात. इथे एक गंमत लक्षात ठेवा : युनिकास्टमध्ये राउटर विचारतो, "पॅकेट कुठे जायचंय?" मल्टिकास्टमध्ये आधी विचारतो, "आलं कुठून?" उगमाकडे जाणाऱ्या योग्य वाटेने आलं नसेल तर सरळ टाकून देतो. म्हणून पॅकेट गोल गोल फिरत बसत नाही.

मग यूट्यूब हे का वापरत नाही? एक तर प्रत्येक जण वेगळ्या वेळी वेगळा व्हिडिओ बघतो. दुसरं, प्रत्येक गटाची नोंद वाटेतल्या राउटरला ठेवावी लागते. शेकडो कंपन्यांच्या नेटवर्कमधून जाताना ही उठाठेव कोणी करायची? आणि मल्टिकास्ट सहसा यूडीपीवर चालतं, त्यामुळे हरवलेलं पॅकेट आपोआप परत येत नाही. क्रमांक टाकून ते वेगळ्या मार्गाने मागवावं लागतं.

तर चार गोष्टी एकत्र आल्या की मल्टिकास्टचा विचार करा :

१. डेटा सगळ्यांना तोच.
२. वेळही तीच.
३. घेणारे बरेच आणि बदलते.
४. मधलं नेटवर्क एकाच व्यवस्थापनाच्या हातात.

यातली एक जरी सुटली, तरी युनिकास्ट किंवा जवळच्या सर्व्हरवर प्रती ठेवणं बहुतेक वेळा सोपं पडतं.

संशोधनाचा विषय शोधत असाल, तर ही यादी उलटी वाचा. चौथी अट नसताना काय करता येईल? गटातून एक जण बाहेर पडला की बाकीच्यांची गुप्त किल्ली कमी खर्चात कशी बदलायची? हरवलेलं पॅकेट हजार जणांनी एकदम मागितलं तर सर्व्हर कसा वाचवायचा? यातला एक प्रश्न घ्या, कागदावर सहा राउटरचं झाड काढा आणि प्रत्येक लिंकवरून किती प्रती जातात ते मोजा. सिम्युलेटर त्यानंतर उघडा.