बिघाड गृहीत धरणारे संगणक

सर्व्हर म्हणजे एकाच वेळी हजारो लोकांची कामे करणारा, रात्रंदिवस चालू असलेला संगणक. त्याचे सुटे भागही तापतात, झिजतात आणि कधी ना कधी बंद पडतात. म्हणून त्याची रचना करतानाच बिघाड गृहीत धरलेला असतो. तो लगेच कळावा, पसरू नये आणि काम थांबू नये, एवढे पाहिले जाते.

सर्वांत धोक्याचा बिघाड न दिसणारा असतो. मेमरीत माहिती शून्य आणि एक अशा बिटांच्या रूपात असते. वैश्विक किरणांमुळे वातावरणात निर्माण झालेला एखादा न्यूट्रॉन चिपवर आदळला, तर बिट उलटू शकतो. चिप शाबूत राहते, संगणक चालू राहतो. फक्त आकडा बदलतो. २००३ साली बेल्जियममध्ये स्कारबेक येथील इलेक्ट्रॉनिक मतमोजणीत एका उमेदवाराच्या नावावर ४०९६ मते जादा दिसली. सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली नाही. ४०९६ हा दोनाचा बारावा घात. त्यामुळे एकच बिट उलटला असावा, असे अनुमान निघाले.

यावरचा उपाय बेल लॅबोरेटरीजमधील गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली मांडलेल्या पद्धतीतून आला. सर्व्हरच्या मेमरीत सामान्यतः ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवतात. प्रत्येक जादा बिट ठरावीक गटाची पडताळणी करतो. कोणकोणत्या पडताळण्या चुकल्या, यावरून बिघडलेला बिट नेमका कळतो आणि तो पुन्हा उलटला की दुरुस्ती होते. दोन बिट बिघडले तर दुरुस्ती होत नाही, पण चूक लक्षात येते. असे दोन दोष साचू नयेत म्हणून मेमरी अधूनमधून आपणहून वाचून तपासली जाते.

डिस्कसाठी ‘रेड’ ही पद्धत १९८८ साली बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडली. तिच्या एका प्रकारात दोन डिस्कवर तीच माहिती लिहितात. दुसऱ्यात अनेक डिस्कवर माहितीबरोबर पडताळणीचे बिट पसरून ठेवतात, म्हणजे एक डिस्क गेली तरी तिच्यावरचा मजकूर उरलेल्यांवरून पुन्हा तयार करता येतो. मात्र चुकून पुसलेली फाइल सगळीकडूनच पुसली जाते, म्हणून वेगळा बॅकअप लागतोच. पॉवर सप्लाय दोन असतात आणि ते शक्यतो वेगवेगळ्या वीजवाहिन्यांना जोडतात. पंखेही गरजेपेक्षा जास्त बसवतात. हे भाग सर्व्हर चालू असतानाच बदलता येतात.

प्रोसेसरच्या बाबतीत दोन मार्ग रूढ झाले आणि मुंबईच्या दोन मोठ्या शेअर बाजारांनी ते वापरले. मुंबई शेअर बाजाराची ‘बोल्ट’ ही व्यवहारांची प्रणाली टँडेम कंपनीच्या यंत्रांवर चालत असे. त्यांत प्रत्येक कामाची राखीव प्रत दुसऱ्या प्रोसेसरवर तयार असते. राष्ट्रीय शेअर बाजाराने स्ट्रेटसची यंत्रे घेतली. त्यांत एका बोर्डवरचे दोन प्रोसेसर तेच काम एकाच तालात करतात. उत्तरे जुळली नाहीत की तो बोर्ड बाजूला होतो आणि जुळा बोर्ड काम पुढे नेतो.

दुहेरी व्यवस्था उपयोगी पडते ती दोन्ही बाजू एकाच कारणाने बिघडत नाहीत तोवरच. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सुमारे चार तास बंद राहिले. दोन कंपन्यांच्या दूरसंचार जोडण्या असूनही दोन्हींत अडथळा आला होता. सॉफ्टवेअरमधली चूकही दोन्ही प्रतींत सारखीच असते, आणि आग किंवा पुरात सगळी इमारतच सापडते. म्हणून मोठ्या संस्था दुसऱ्या शहरात पर्यायी केंद्र ठेवतात आणि काम तिकडे हलवण्याचा सराव ठरावीक काळाने करतात.