निकालाची शेवटची ओळ

"मॅडम, दोन अन् दोन, चार वर्सं अंदर राहीन का माहा पोरगा?" सिव्हिल लाइन्सच्या न्यायालयाच्या पायऱ्यांवर त्या माउलीने विचारलं. मी निकालाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं : ‘दोन्ही शिक्षा एकत्रित भोगाव्यात.’ म्हणजे दोनच वर्षं. पोराने आमच्या वाडीतल्या एका गोदामाचं कुलूप रात्री तोडून तांब्याच्या तारेची भेंडोळी नेली होती. जुन्या दंडसंहितेतलं घरफोडीचं कलम 457, चोरीचं 380. रात्र एक, गुन्हे दोन.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 31 नुसार न्यायाधीशाने ही ओळ लिहिली नाही, तर शिक्षा एकापाठोपाठ चालत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 25 ने गुन्ह्यांचं गांभीर्य पाहून एकत्रित की क्रमाने, हे ठरवणं न्यायालयावरच सोपवलंय. मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

शिक्षा एकत्र करण्याचा विचार दुसऱ्या कायद्यांतही आहे. इस्लामी फौजदारी कायदा म्हणजे शिक्षेवर शिक्षा, असा समज मी बाररूममध्येही ऐकते. तो खरा नाही. तिथे ‘तदाखुल’ म्हणजे शिक्षा एकमेकींत मिसळण्याचं तत्त्व आहे. हनफी पंथानुसार पकडला जाण्याआधी चोराने पाच चोऱ्या केल्या, तरी हद्दची, म्हणजे ईश्वराने ठरवून दिलेली, शिक्षा एकदाच. शिक्षा भोगून पुन्हा चोरी केली, तर मात्र नवी. देहदंड असेल तर बहुतेक पंथांत ईश्वरी हक्काच्या बाकीच्या शिक्षा त्यातच विरतात. शाफई पंथ मात्र हे मानत नाही. माणसाच्या हक्काचं तसं नाही. दोघांचे जीव घेतले, तर दोन्ही घरांचा रक्तदंडावरचा हक्क वेगळा.

भारतात 1862 पासून दंडसंहिता सर्वधर्मीयांना एकच. तरी विचार जवळचाच. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात 30 जुलै 2015 रोजी फाशी दिलेल्या याकूब मेमनला जन्मठेप आणि सश्रम कारावासही झाला होता. फाशीपुढे ते कागदावरच राहिले. 2016 मध्ये मुथुरामलिंगम खटल्यात घटनापीठ म्हणालं, आयुष्य एकच, म्हणून जन्मठेपा एकीमागून एक भोगायला लावता येत नाहीत.

खरी ठेच लागते ती दोन वेगळ्या खटल्यांत. तिथे आदेश नसेल तर दुसरी शिक्षा पहिली संपल्यावरच सुरू होते. माझ्या एका पक्षकाराच्या आधीच्या वकिलाने पहिली शिक्षा कोर्टाला सांगितलीच नव्हती. त्यासाठी आम्हाला उच्च न्यायालयात जावं लागलं. दंड न भरल्याची कैद तर वेगळीच भोगावी लागते.

म्हणून घरच्यांनो, आधी झालेल्या प्रत्येक शिक्षेचा कागद निकालापूर्वीच वकिलाच्या हातात द्या.